बाबा, सायकल इथं नाही

शेजारच्या मावशी खाटेवरचे बिबडे उलटत होत्या, पण लक्ष सगळं कुंपणाकडे. मी तुळशीला पाणी घालायला बाहेर आले, तशी सुरुवात झाली.

"अगं ताई, काल काकांचं काय झालं ऐकलंस का?"

काका, म्हणजे मावशींचे यजमान, भुसावळला रेल्वेत होते. लोको शेडच्या सगळ्या पाळ्या सायकलवर केल्या. सत्तरी उलटली तरी स्कूटरला हात लावला नाही.

"बाजारात गेले पायजम्याचं कापड आणायला. पे अँड पार्कचा पोऱ्या म्हणतो, बाबा, सायकल इथं नाही. हे म्हणाले, पैसे घे ना भो. तर म्हणे पावतीपुस्तकात सायकलच नाही! दुकानासमोर लावली तर दुकानदार ओरडला, खांबाला लावली तर रसवंतीवाला. शेवटी एका बोळात टेकवली. कापड घेऊन येतात तो काय, तिच्यावर चार मोटारसायकली रेललेल्या, मडगार्ड चेपलेलं, वर कोणी व्हॉल्व्हसुद्धा काढून नेलेला. भरउन्हात घरापर्यंत ढकलत आणली."

एप्रिलच चाललाय, पण पारा आत्ताच त्रेचाळिसाला टेकलाय. जळगावातलं ऊन काकांना नवीन नाही, तरी घरी आल्यावर तासभर बोलले नाहीत म्हणे.

"पूर्वी टॉकीजला, स्टेशनला स्टँड असायचं," मी म्हटलं. "एक बिल्ला हँडलला, त्याच नंबरचा दुसरा आपल्या हातात."

"आणि तो हरवला की पिक्चर सुटल्यावर सगळ्यांच्या सायकली जाईपर्यंत उभं राहायचं. शेवटी उरेल ती आपली! लग्नानंतर पहिल्याच पिक्चरला राहिलेय मी यांच्यासोबत अशी उभी."

माझा भाचा इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे करतो. त्याच्याकडून ऐकलेलं मी मावशींच्या कानावर घातलं. 2020 च्या डिसेंबरात मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली लागू झाली, जळगाव-धुळ्यालाही तीच. त्यात पार्किंगचा तक्ता आहे. कारला अडीच बाय पाच मीटर, स्कूटरला एक बाय दोन. दोघांचे रकाने आहेत, सायकलीचा रकानाच नाही.

"म्हणजे त्या पोऱ्याला मी उगाच शिव्या घातल्या. हे वरूनच गाळलंय," मावशी म्हणाल्या. "आणि कारला तरी जागा कुठं राहते? नकाशात तळघर पार्किंगचं, उतरून बघावं तर साड्यांचं गोडाऊन. आमचं धुळं बघ."

माहेरचं धुळं निघालं की इंग्रजांच्या काळातला ब्रिग्ज साहेब निघतोच. 1819 च्या सुमारास त्यानं पेठ कशी दोरी धरून आखली, गल्ल्यांना कसे नंबर आहेत, कुठल्याही घराच्या ओट्याला सायकल टेकवली तरी कोणी कसं हटकत नाही, हे मला तोंडपाठ झालंय.

"मावशी, आग्रा रोडवर लावून दाखवा एकदा."

"तिथं माणसालाच उभं राहता येत नाही, सायकल कुठली!" माहेरच्या बाबतीत इतकी कबुली म्हणजे फार झाली.

कोपऱ्यावरच्या वहिनींचा मुलगा हॉलंडला असतो. त्यानं पाठवलेला फोटो अख्ख्या कॉलनीनं पाहिलाय: युट्रेख्तच्या स्टेशनाखाली 12,500 सायकलींचं स्टँड, तेही पहिले 24 तास फुकट.

"साडेबारा हजार राहू दे," मावशी म्हणाल्या, "आपल्याकडे बारा लागल्या तरी बाजार पावला."

मग आवाज खाली आला. मला वाटलं, आता कोणाच्या तरी सुनेचं निघणार.

"ताई, एक काम होतं. समोर क्लास आहे ना, तिथं खेड्यावरच्या पोरी येतात. मानव विकासच्या सायकली गं, आठवी ते बारावीच्या मुलींना मिळतात त्या. क्लासखाली सगळ्या मास्तरांच्या गाड्या. एकीनं विचारलं, मावशी, आत लावू का? मी हो म्हटलं. आता पाच झाल्यात. सरकारनं सायकल दिली, ठेवायला जागा मी देतेय! काल एक आडवी झाली, ती थेट माझ्या खाटेवर. दीड पायलीचे बिबडे, माती लागली सगळ्यांना. दोन तुझ्याकडे लावू दे ना."

आमच्या फाटकाच्या आत ह्यांची कार असते. ती महिन्यातून एकदा, लग्नसराईत फार तर दोनदा हलते.

"दोन का, तीन लावा," मी म्हटलं. "कार रस्त्यावर काढायला सांगते ह्यांना. फक्त आज नको. आज त्यांनी ती धुतलीय."