जुन्या ॲक्शनचे माहात्म्य

लक्ष्यवेधाची रायफल नव्याने बांधताना तिची ‘ॲक्शन’, म्हणजे काडतूस नळीत सारून जखडणारी, ते उडवणारी आणि रिकामे टरफल बाहेर फेकणारी यंत्रणा, काही दशके जुनी व एखाद्या निष्णात कारागिराने हाताने घडवलेली असावी, हा जाणकारांचा आग्रह सर्वथा वंदनीय आहे. अशा ॲक्शनला नवी नळी, नवा दस्ता, नवा चाप व नवी दुर्बीण जोडली आणि बोल्टचे, म्हणजे काडतूस जखडणाऱ्या सरकत्या दांड्याचे, पृष्ठभाग पुन्हा घासून समतल केले, की जुनेपणा केवळ कोरलेल्या क्रमांकात उरतो. श्रद्धेला तेवढाही पुरतो.

हे तत्त्व शेवटास नेण्याचा मान मात्र माळशेज घाटाच्या वाटेवरील मढसारख्या गावांकडे जावा. तिथली, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने पीकसंरक्षणासाठी मान्य केलेली ठासणीची बंदूक, म्हणजे जिच्यात दारू व छर्रे तोंडाकडून गजाने ठासले जातात ती, बोल्टच बाळगत नाही, त्यामुळे तो झिजण्याची चिंताही उरत नाही. ५० मीटर रायफल स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. पिकात घुसणारे रानडुक्कर त्याहून पुष्कळ ऐसपैस, फक्त कागदासारखे स्थिर राहण्याचे सौजन्य त्याच्यापाशी नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे परवानगीवाचून त्याची शिकार करता येत नाही. परवानगीअभावी न उडणारी बंदूक अचूकतेत कोणत्याही ॲक्शनला हार जात नाही. निवडणुका जाहीर होताच परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा तर ही अचूकता शासकीय बंदोबस्तात सुरक्षित राहते.

रानडुकरांना आचारसंहिता लागू नाही.