आधी प्लॅन दाखव

भायखळ्याच्या आमच्या चाळीत ह्या मुलाचं खरं नाव कोणी घेत नाही. सगळे त्याला 'प्लॅन' म्हणतात. कंपनीला सर्व्हर हवा असला तर हा टेराफॉर्ममध्ये चार ओळी लिहितो, गिटमध्ये ठेवतो, काय येणार-बदलणार त्याची यादी, म्हणजे प्लॅन, दुसऱ्याकडून तपासून घेतो, मग पाइपलाइन सर्व्हर उभा करते. हाताने बटण दाबणारा त्याच्या लेखी बिनतिकीट प्रवासी.

2016 साली मुंबईत दोन नवे पाहुणे आले. जूनमध्ये अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची डेटा सेंटरं, जुलैत आमच्या राणीबागेत आठ पेंग्विन. दोघांनाही चोवीस तास गारवा लागतो. पुढे अख्खा भायखळा पेंग्विनसाठी रांगेत उभा राहिला. ह्याने डेटा सेंटरचे पेढे वाटले होते.

त्याच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, भाजीला पाठवलं तरी दारात थांबतो. "भेंडी, कोथिंबीर, लिंबं. तीन वस्तू येणार, एक बदलणार, तो कालचा नासका टोमॅटो. नष्ट शून्य. मंजूर?"

"जा रे मेल्या."

"आई, पूर्ण 'हो' म्हण. टेराफॉर्मसुद्धा अख्खा 'येस' लिहिल्याशिवाय हलत नाही."

काय काय उभं आहे त्याची एक वही असते, तिला स्टेट म्हणतात, आणि तिला कुलूप असतं म्हणे. मी विचारलं, कुलूप कशाला?

"काका, आपला संडास. एक जण आत गेला की कडी. दुसऱ्याने थांबायचं."

"आणि तो बाहेर आलाच नाही तर?"

"फोर्स-अनलॉक. बाहेरून कडी पाडायची. पण आतला गेलाय ह्याची खात्री असेल तरच."

तेव्हापासून मी आत असलो की अधूनमधून खोकतो.

परवा रात्री दोनला हा गॅलरीत बर्म्युडा घालून लॅपटॉपवर वाकलेला. गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी अडकल्या होत्या. मला पाहून दचकला. फायरवॉलमधलं एक पोर्ट चक्क हाताने उघडत होता.

"फक्त आजची रात्र, काका. सकाळी कोडात लिहितो. कोणाला बोलू नका."

सकाळी दहापर्यंत घोरत होता. नऊ वाजता त्याच्या सहकाऱ्याने भलताच बदल पाठवला, पाइपलाइन चालली. कोडात त्या पोर्टचा उल्लेख नव्हता. तिने इमानेइतबारे ते बंद केलं. प्लॅनमध्ये 'एक बदलणार' असं स्वच्छ आलं होतं. तपासणाऱ्याने न वाचता मंजूर केलं. ऑर्डरी पुन्हा ठप्प, ह्याचा फोन वाजतोय.

"ह्याला ड्रिफ्ट म्हणतात, आई. खरी परिस्थिती एक, कोडातली दुसरी."

"आमच्यात ह्याला झोप म्हणतात," वहिनी म्हणाल्या आणि पिशवी पुढे केली.

ह्या वेळी मंजुरी न मागताच जिना उतरला. भेंडी आणली, कोथिंबीर आणली. लिंबं विसरला.