स्वस्त वीज, आगाऊ पैसे

1998 साली जर्मनीने वीजबाजार खुला केला आणि ग्राहकाला ‘राजा’ केलं. राजाला काम एकच: दरवर्षी करार वाचायचे, दर ताडून पाहायचे, कंपनी बदलायची. न बदलणारा आळशी ठरला आणि महागडं बिल भरत राहिला. चपळ मात्र हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले.

ट्रॉइसडॉर्फ शहरातली वीजकंपनी टेल्डाफॅक्स पळण्यात पटाईत होती. वर्षभराचे पैसे आधी घ्यायचे, दर सगळ्यांत स्वस्त ठेवायचा आणि बायर लेव्हरकुसेनच्या फुटबॉलपटूंच्या छातीवर स्वतःचं नाव झळकवायचं. आपल्याकडे भिशीतही पैसे आधीच द्यावे लागतात, पण भिशीवाल्याचं घर तरी गल्लीत असतं. 2011 मध्ये कंपनी बुडाली, तेव्हा पैसे अडकलेल्यांची संख्या सुमारे 7 लाख होती. वीजबाजारावर देखरेख ठेवणारं सरकारी खातं शेजारच्याच बॉन शहरात. इतक्या जवळचं दिसायला बहुधा वेगळा चष्मा लागत असावा. दोन वर्षांनी फ्लेक्सश्ट्रोम ही वीजकंपनीही त्याच वाटेने गेली.

डिसेंबर 2021 मध्ये विजेचे घाऊक दर भडकले आणि श्ट्रोमिओ या आणखी एका वीजकंपनीने पुरवठाच थांबवला. दिवे मात्र विझले नाहीत. कायद्याने स्थानिक पुरवठादाराला अशा अनाथांना वीज द्यावीच लागते. काही पुरवठादारांनी मात्र ती या नव्यांना जुन्या ग्राहकांपेक्षा वेगळ्या, चढ्या दराने दिली. जिना एक, तार एक, दर दोन!

जुलै 2022 मध्ये कायदा बदलला आणि स्थानिक पुरवठादाराच्या नियमित मूलभूत पुरवठ्यात दराचा जुना-नवा भेद बंद झाला. अनाथांना पहिले तीन महिने मिळणाऱ्या तात्पुरत्या पुरवठ्याचा दर मात्र महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला, पूर्वसूचनेच्या मुदतीशिवाय, बदलता येतो.