शाळा डिजिटल, धडा ऑफलाइन

आमच्या शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं ‘डिजिटल शाळा’ असं ठळक लिहिलंय. आत लोकवर्गणीचा टीव्ही आहे. त्यावर क्रोशाचं आवरण, आवरणावर धूळ. वीजबिल थकलं म्हणून मीटर काढून नेलाय. खरा डिजिटल कारभार चालतो गुरुजींच्या मोबाइलवर, त्यांच्याच रिचार्जवर : हजेरी भरा, खिचडीची ताटं भरा, फोटो टाका. त्यासाठी गुरुजी रेंज शोधत बांधावर. 2024 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. तिसरीतल्या जेमतेम 27 टक्क्यांना दुसरीचा उतारा वाचता येतो. त्यावर उपाय म्हणून आता आणखी एक अ‍ॅप आलंय. माहिती आजच पाचपर्यंत भरायचीय, म्हणून वाचनाचा तास रद्द.