धुराआधीचा धूर

पोपच्या निवडीवर पैज लावाल तर चर्चबाहेर काढू, असं पोप चौदाव्या ग्रेगरींनी १५९१ मध्येच बजावलं होतं. मे २०२५ मधल्या सट्टेबाजांपर्यंत ते बहुधा पोहोचलं नसावं. सिस्टिन चॅपेलमध्ये १३३ कार्डिनल कोंडलेले (गोव्याचे फेर्रांवही त्यांत), मोबाइल काढून घेतलेले, आणि आतली खबर मात्र बाहेरच्या प्रत्येक चॅनेलवरच्या विश्लेषकांकडे! कार्डिनल पारोलिन तर गादीवर बसल्यातच जमा, पाठोपाठ टागले. दुसऱ्याच दिवशी पांढरा धूर निघाला; सज्जात पोप म्हणून आले शिकागोचे प्रीव्होस्ट. त्याच रात्री तेच विश्लेषक त्याच पडद्यावर ही निवड कशी अटळ होती, ते समजावत होते. सट्टेबाजांचे निदान पैसे तरी बुडाले. यांचं मानधनसुद्धा बुडालं नसणार.