डॉलरकाका

अकोल्याच्या जठारपेठेतल्या चहाच्या टपरीवर सकाळी साडेसातला जग मांडलं जातं. बिस्किटांची बरणी म्हणजे अमेरिका, साखरेचा डबा म्हणजे चीन, दोन खारींच्या मधली फट म्हणजे मलाक्काची सामुद्रधुनी. भारतासाठी काका स्वतःचा चष्मा काढून ठेवतात, त्यामुळे पुढचं सगळं विवेचन त्यांना धूसर दिसतं. गिऱ्हाइकाला बिस्कीट हवं असलं की टपरीवाला अमेरिका उचलतो. तेवढा वेळ काका दम धरतात.

"चीन काय करून राह्यला, ध्यानात येते का तुमच्या?"

कोणाच्याच येत नाही. हे निवृत्त भूगोलमास्तर, पेठेतले डॉलरकाका. नाव पोरांनी ठेवलं. काकांना ते पदवीसारखं वाटतं. घरची गॅसची टाकी संपल्याचं त्यांना शेजारी सांगतात, पण न्यूयॉर्कला कापसाचा वायदा किती सेंटांनी हलला हे ते दात घासता घासता सांगू शकतात.

हसणं सोपं आहे. पण या वेडाला वऱ्हाडात दीडशे वर्षांचा आधार आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा लिव्हरपूलच्या दलालांना अमरावती-अकोल्याकडचा कापूस आठवला. त्याला ते 'ऊमरा' म्हणत. वऱ्हाडात पैसा खुळखुळला. 1865 मध्ये तिकडे युद्ध थांबलं आणि इकडे भाव कोसळले. तरी कापसाच्या ओढीनं 1870 मध्ये खामगावला रेल्वे आली, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. म्हणून काका म्हणतात, "माह्या पणज्याचं कर्ज लिंकननं वाढवलं." पणज्याचं कर्ज खरंच होतं. लिंकनचा त्यातला वाटा किती, हे काकाच जाणोत.

काकांची बाळापूरकडे थोडी शेती आहे, बटईनं दिलेली. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि काकांनी तो आठ हजारांतच विकून टाकलेला होता. ते दुःख उरात घेऊन त्यांनी पुढच्या वर्षी अभ्यास केला. पाकिस्तानात महापूर, तिथलं पीक वाहून गेलं. टेक्सासमध्ये दुष्काळ, तिथलं करपलं. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. "माल कमी, भाव जास्त. बारा हजाराच्या खाली बोंड देत नाही!" गावातलं घर गळकं, म्हणून वाट्याचा कापूस टेम्पोत घालून जठारपेठेत आणला आणि माडीवरची खोली खालपासून छतापर्यंत भरली.

घरात साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते. वऱ्हाडात त्या वर्षी कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात हेच चाललं होतं. काकांच्या घरी संक्रांतीला पहिला नंबर नातवाचा लागला. मग सून, मग काकू. फेब्रुवारीत काका स्वतः टपरीवर बोलता बोलता पाठ खांबाला घासू लागले, पण विषय बदलला नाही. भाव रोज थोडा उतरत होता आणि कापूस सुकून वजनही घटत होतं. शेवटी काकू जिन्यावरून ओरडल्या, "तुमच्या त्या बायडेनले सांगा, आपला कापूस घेऊन जाय म्हणा!"

उन्हाळ्यात सात हजारांच्या आसपास विकला. युक्रेनच्या युद्धानं युरोप-अमेरिकेत महागाई भडकली, लोकांनी कपडे कमी घेतले, गिरण्यांच्या ऑर्डरी आटल्या. माल कमी होता, तशी मागणीही कमी झाली. हे काकांनी टपरीवर इतकं सुरेख समजावलं की दोघांनी त्यांना शेअरमध्ये पैसे कुठे लावू, असं विचारलं.

2025 चा ऑगस्ट तर काकांचा सणच. ट्रम्पसाहेबांनी भारताच्या मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं. त्याच महिन्यात दिल्लीनं परदेशी कापसावरचं 11 टक्के शुल्क उठवलं. काकांनी बरणी टेबलाच्या पार टोकाला सरकवली. "आता पाह्य. कपडा तिथं जात नाही, म्हणून गिरणीवाला रडून राह्यला. त्याले स्वस्त कापूस पाहिजे, म्हणून दार उघडलं. ब्राझीलचा कापूस आत आला की भाव कोनाचा पडन? बाळापूरवाल्याचा!" हे मात्र ऐकणाऱ्यांना पटलं. मलाही. दिल्लीत सहीला कोणी बसलं असेल, त्याला बाळापूर नकाशात सापडलं असतं का, शंकाच आहे.

तेव्हा एकच आसरा उरला, सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ. लांब धाग्याला हमीभाव 8110 रुपये क्विंटल होता, पण त्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी हवी होती. काकांचा फोन शिकागो, ब्रेंट, युआन यांनी इतका गच्च भरलेला, की त्यात ॲपला जागाच नव्हती. नोंदणी बटईदाराच्या पोरानं केली. जगाच्या सत्तासंतुलनाबद्दल त्याचं काहीच मत नाही.

माल केंद्रावर गेला. ओलावा आठ टक्क्यांपेक्षा जास्त निघाला, भावात थोडी कपात झाली. त्यात चीनचा हात नाही, एवढं काकांनी मान्य केलं आहे.