माझा खड्डा उघडाच आहे, शेठ

श्रीमान शेठ यांसी,


महाड औद्योगिक वसाहतीलगत आपण मला प्लॉट दिलात, त्याबद्दल शतशः आभार. सातबारा चोख, एनए झालेलं, रस्ता डांबरी. जमिनीची वरची बाजू आपण इतक्या मायेने दाखवलीत, की खालची दाखवायला आपल्याला सवडच झाली नाही.

आपला तांबडा मुरूम फार देखणा. पण पाया मुरमाच्या रंगावर उभा राहत नाही, म्हणून मी आठ फूट खड्डा खणून घेतला. पाच फुटांवर मुरूम संपला आणि काळी चिकणमाती लागली. तिच्यात भाताची कुजकी मुळं अजून होती. जुना बांधही जागेवरच. खाचर बुजवताना आपण चिखल उपसला नाहीत, भराव थराथराने दाबला नाहीत. डंपर आले, ओतून गेले. शेताला एवढं जपणारा मालक विरळा!

भरावात एक राखाडी, उग्र वासाचा थर निघाला. तो कुठून आला, हे आपणच जाणता. मातीतलं सल्फेट काँक्रीट पोखरतं, क्लोराइड सळ्या गंजवतं. या थरात ती आहेत का, याची तपासणी आता मी स्वखर्चाने करतो आहे. ही संधी दिलीत, ऋणी आहे.

“कोकण आहे हो, खाली कातळच!” आपण छातीठोक म्हणालात. कातळ आहेच. पण सावित्री, काळ, गांधारीच्या खोऱ्यात पुरांनी आणून टाकलेला गाळ त्याच्यावर किती जाड बसलाय, ते वरून कोणाला दिसतं? म्हणून बोअर घेऊन मातीचा घट्टपणा तपासला. त्या चाचणीत 63.5 किलोचा घण 75 सेंटिमीटरवरून सोडतात. नळी आधी 15 सेंटिमीटर बसवून घेतात आणि पुढची 30 सेंटिमीटर जायला किती घाव लागले, ते मोजतात. आपल्या जमिनीने चार घावांतच वाट करून दिली. इतकी विनम्र जमीन मी पाहिली नव्हती.

“एवढं बघत बसलं तर घरं कधी व्हायची?” हाही आपलाच उपदेश. शेठ, हे महाड आहे. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते इथे दरडी घरांवर आल्या. 22 जुलै 2021 ला तळिये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. ते डोंगरउतार होते आणि आपला प्लॉट सपाट, मान्य. पण पाण्याने भिजलेल्या मातीचा जोर जातो, तो तिथे तसा इथेही. तिथे माती अंगावर आली; इथे ती पायाखालून खचेल, एक कोपरा आधी, मग भिंतीला तिरका तडा, मग दारं लागेनाशी होतील. माझ्या आईला त्या घरात झोपवायचं होतं मला.

आपल्याकडे अजून प्लॉट शिल्लक आहेत असं कळतं. एक विनंती. विकण्याआधी प्रत्येकात एक खड्डा खणा, तोही श्रावणात, म्हणजे पाणी किती फुटांवर लागतं तेही गिऱ्हाइकाला दिसेल.

तोवर माझा खड्डा मी बुजवलेला नाही. भोवती बांबूचं कुंपण घातलंय, शिडी लावून ठेवलीय. रविवारी दोन कुटुंबं उतरून, माती हातात घेऊन बघून गेली.

कळावे,
आपला प्लॉटधारक